बाणाची शिकार आणि वीस मीटरची मर्यादा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धनुष्यबाणाने होणाऱ्या शिकारीवर आपल्या पत्रस्तंभात सध्या वाद चालू आहे. एका बाजूच्या मते ही शिकार क्रूर आहे, जनावर तडफडून मरते. दुसऱ्या बाजूच्या मते ती आदिम आणि नैसर्गिक, म्हणून बंदुकीच्या शिकारीपेक्षा न्याय्य आहे. दोन्ही बाजू शस्त्रावर बोलतात. बाण किती मीटरवरून सुटला, जनावर कोणत्या अंगाने उभे होते, पाते किती धारदार होते आणि माग काढायला शिकारी किती वेळाने उठला, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळी नीती या चार प्रश्नांत आहे आणि त्यातही पहिल्यात सर्वाधिक. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचे, म्हणजे गैरसमज नको. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे. ब्रिटनमध्ये धनुष्याने वन्य प्राणी मारता येत नाही, जर्मनीत खुरांच्या जनावरांवर बाण चालवायला मनाई आहे. फ्रान्सने १९९५ मध्ये सक्तीच्या प्रशिक्षणाची अट घालून परवानगी दिली, डेन्मार्कने १९९९ मध्ये रो या लहान युरोपीय हरणापासून सुरुवात केली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्येच धनुष्यासाठी हंगाम ठरवला. जिथे बंदी आहे तिथे विषय संपला, चोरट्या शिकारीला 'परंपरा' म्हणून पांघरूण घालणे मला मान्य नाही. पुढचे सगळे परवाना, हंगाम आणि ठरलेली संख्या असलेल्या शिकारीबद्दल आहे.

बाण जनावराला कसा मारतो, हेच बहुतेकांना ठाऊक नसते. हरणासाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलच्या गोळीत नळीतून बाहेर पडताना तीन हजार ज्यूलच्या वर ऊर्जा असते. तीस ग्रॅमचा बाण सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटला तर त्याच्यात १०८ ज्यूल असतात. म्हणजे धक्क्याने जनावर पाडण्याची ताकद बाणात नाही. बाण फक्त कापतो. दोन्ही फुप्फुसे आरपार छेदली गेली की छातीच्या पोकळीत हवा शिरते, फुप्फुसे मिटतात, रक्तदाब कोसळतो आणि जनावर साधारण दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात ते पन्नास ते शंभर मीटर धावलेले असते. अनेकदा आपल्याला काय लागले हे त्याला कळलेलेही नसते. काही हरणे दोन उड्या मारून थांबतात, मागे वळून पाहतात आणि तिथेच कोसळतात. पण तोच बाण वीतभर मागे, पोटात गेला तर मरण यायला कित्येक तास लागतात. 'बाणाची शिकार क्रूर की दयाळू' या प्रश्नाचे उत्तर या वीतभर फरकात आहे.

हा वीतभर फरक अंतराने ठरतो. इथे थोडे गणित करायलाच हवे.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा छातीतला मर्मभाग साधारण २० ते २५ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे जेवणाच्या ताटाहून लहान असतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, बाण त्याच्या पाव वेगाने. त्यामुळे प्रत्यंचेचा आवाज नेहमी बाणाच्या आधी पोहोचतो. सावध हरीण त्या आवाजाने उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते. ते बाण चुकवत नसते, पळण्याची तयारी करत असते, पण परिणाम तोच. २० मीटरवर कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या आधुनिक धनुष्याचा बाण पाव सेकंदाच्या आतच पोहोचतो. आवाज कानी पडून प्रतिक्रिया सुरू व्हायला ०.१५ सेकंद धरले, तर हरणाला खाली जायला उरतो ०.०२५ सेकंद. तेवढ्यात ते अर्धा सेंटीमीटरही खाली जात नाही. तेच ४० मीटरवर करून पाहा. बाणाला ०.४७ सेकंद लागतात, आवाजाचे आणि प्रतिक्रियेचे वजा केल्यावर ०.२ सेकंद उरतो आणि पाय सैल सोडलेले शरीर तेवढ्या वेळात २० सेंटीमीटर खाली येते. नेम अचूक, हात स्थिर, बाण ठरवलेल्या रेषेवर, तरीही तो फुप्फुसांच्या वरून पाठीच्या मांसात जातो. हरीण जखमी होऊन निघून जाते आणि शिकाऱ्याला वाटते की आपलेच कुठेतरी चुकले. नेमात चूक नव्हती. बाण सोडण्याचा निर्णय चुकला होता.

लाँगबोचे, म्हणजे चाके नसलेल्या साध्या लांब धनुष्याचे गणित आणखी कडक आहे. त्याचा बाण सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे कंपाउंडला ४० मीटरवर जी अडचण येते ती लाँगबोला २० मीटरवरच येते. लाँगबोची प्रत्यंचा तुलनेने शांत असते हे खरे, पण त्या भरवशावर राहू नये. १२ मीटरवर हाच हिशोब मांडला तर हरणाची हालचाल दीड सेंटीमीटरवर येते. साध्या धनुष्याच्या जुन्या परंपरांत दहा-पंधरा मीटरवर जाण्याचा एवढा आग्रह का, ते यावरून कळावे.

अंतराचा अंदाज चुकला तर काय होते तेही सांगतो. लाँगबोने २० मीटर समजून नेम धरला आणि हरीण प्रत्यक्षात २३ मीटरवर असेल, तर बाण १४ सेंटीमीटर खाली लागतो. ३० समजलो आणि ३३ निघाले, तर १९ सेंटीमीटर. झुडपांच्या पलीकडचे, उताराच्या खालचे किंवा कातरवेळचे अंतर डोळ्यांनी मोजताना तीन मीटरची चूक ही फार मोठी चूक नव्हे. म्हणून दबा धरण्याची जागा ठरली की आधी आसपासची झाडे, दगड, वाटा यांची अंतरे मोजून ठेवायची आणि मनात एक वर्तुळ आखायचे. त्याच्या बाहेर कितीही मोठ्या शिंगांचे जनावर उभे राहिले तरी बाण खाचेतच राहील.

चालत्या जनावराचेही असेच. रमतगमत चालणारे हरीणसुद्धा सेकंदाला मीटरभर सहज जाते. बाण अर्धा सेकंद हवेत असेल तर फुप्फुसावर धरलेला नेम पोटावर येतो. त्यावर तोंडाने हलका आवाज काढून जनावराला थांबवण्याची युक्ती शिकवली जाते. ती चालते, पण थांबलेले हरीण त्या क्षणापासून ताणलेले असते, कान आपल्याकडे, पाय पळण्याच्या तयारीत. अशा जनावरावर २० मीटरच्या पलीकडे बाण सोडणे म्हणजे वरचे गणित आपणच आपल्याविरुद्ध फिरवणे. खाली मान घालून चरणारे जनावर आणि मान वर करून रोखून पाहणारे जनावर, यांच्यासाठी अंतराची मर्यादा एकच ठेवून चालत नाही.

अंगाचा प्रश्न थोडक्यात. जनावर पूर्ण आडवे उभे असेल किंवा किंचित पलीकडे तोंड करून असेल तरच बाण सोडावा. दुसऱ्या स्थितीत नेम अलीकडच्या पायावर धरायचा नसतो. बाण पलीकडच्या पुढच्या पायाशी बाहेर पडेल अशी रेषा मनात ओढायची असते, मग प्रवेश थोडा मागच्या बरगड्यांतून होतो आणि दोन्ही फुप्फुसे सापडतात. समोरून, मागून आणि आपल्याकडे तिरप्या तोंडाने उभ्या जनावरावर बाण नको. समोर फऱ्याचे हाड आणि छातीचा पिंजरा बाण अडवतो, मागे आतडी असतात. मचाणावरून आणखी एक फसगत होते. मचाण पाच मीटर उंच आणि जनावर बुंध्यापासून पाच मीटरवर असेल तर बाण ४५ अंशांत खाली जातो. इतक्या तिरप्या कोनात एकच फुप्फुस छेदले जाण्याची शक्यता मोठी असते. एका फुप्फुसावर हरीण किलोमीटरच्या वर जाते, कधी जगतेही. जनावर फार जवळ आले म्हणजे काम सोपे झाले असे म्हणूनच नाही. त्याला आणखी दहा पावले जाऊ द्यावे.

आता परंपरेबद्दल, कारण आपल्या स्तंभात तो शब्द फार वापरला गेला. हजारो वर्षे माणूस धनुष्याने शिकार करत आला हे खरे. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ अर्धवट तासलेले धनुष्य होते आणि भात्यात चौदा बाण होते, त्यांपैकी दोनच पूर्ण तयार. पण जुनेपणा हा काही पुरावा नव्हे. परंपरेत घेण्यासारखे काय आहे ते पाहायचे तर आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांकडे पाहावे. त्यांचे धनुष्य लहान आणि हलके, बाणाला पिसे नाहीत, त्यामुळे फार जवळ गेल्याशिवाय काही साधतच नाही. विष एका भुंग्याच्या अळीपासून काढलेले. ते बाणाच्या टोकाला न लावता टोकामागच्या दांड्याला लावतात, म्हणजे चुकून स्वतःला ओरखडा उठला तरी विष अंगात जाऊ नये. बाण जोडाचा असतो. विषारी पुढचा भाग जनावरात राहतो आणि मागची काठी गळून पडते. मोठ्या जनावराला विष चढायला वेळ लागतो. म्हणून बाण लागल्यावर ते धावत सुटत नाहीत. पावलांचे ठसे नीट पाहून ठेवतात, अनेकदा मुक्कामी परततात आणि दुसऱ्या दिवशी माग धरतात. आणि मांस वाटण्याचा मान बाण मारणाऱ्याला नसतो. ज्याचा बाण, त्याचे मांस. बाण एकमेकांना दिले-घेतले जातात, त्यामुळे वाटपाचा मान म्हाताऱ्याकडे किंवा बाईकडेही जाऊ शकतो. उत्तम शिकारी डोईजड होऊ नये याची इतकी चोख व्यवस्था मला दुसरीकडे आढळलेली नाही. आज मृत जनावराच्या शिंगांना धरून छायाचित्र काढणाऱ्यांनी 'आदिम परंपरे'चे नाव घेताना हा भाग सोयीने वगळलेला असतो.

आपल्याकडच्या कथाही या बाबतीत फार नेमक्या आहेत. दशरथाने शब्दवेधी बाण सोडला तो घड्यात पाणी भरण्याच्या आवाजावर. हत्ती पाणी पितो आहे असे त्याला वाटले आणि श्रावण गेला. आजही शिकारी-प्रशिक्षणात हाच नियम शिकवला जातो. आवाजावर, हालचालीवर, झुडपातल्या रंगाच्या ठिपक्यावर बाण सोडायचा नाही. पूर्ण जनावर दिसले पाहिजे, त्याची जात, नर की मादी हे ओळखता आले पाहिजे आणि त्याच्या पाठीमागे काय आहे तेही दिसले पाहिजे. पंडूने मृगरूपातल्या किंदम ऋषींना मारले, तेव्हा त्यांची तक्रार शिकारीबद्दल नव्हती. मीलनाच्या क्षणी मारलेस, ही होती. आजचे धनुष्याचे अनेक हंगाम माजाच्या दिवसांत येतात, कारण तेव्हा नर बेसावध असतो आणि दिवसाही फिरतो. कायद्याने ते चालते. पण मादीमागे धावणारा नर दोन क्षणही स्थिर उभा राहत नाही आणि शिकाऱ्याला घाई करायला लावतो. त्या दिवसांत बाण न सोडण्याची तयारी दुप्पट हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्जुन आणि किराताचे भांडण तर शिकारीच्या प्रत्येक तळावर होत असते. रानडुकरात दोन बाण, मग ते कोणाचे? ज्या बाणाने जनावर नक्की मेले असते असा पहिला बाण ज्याचा, त्याचे जनावर, हा सर्वांत समंजस संकेत. मात्र तो आधी ठरवावा, नंतर नव्हे.

आधुनिक धनुर्धर शिकाऱ्यांनीही स्वतःवर बंधने घालून घेतली आहेत, हे नोंदवायला हवे. अमेरिकेत १९६१ मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब ज्या सॅक्स्टन पोप यांचे नाव लावतो, ते डॉक्टर होते आणि 'याही' नावाच्या अमेरिकी आदिवासी जमातीच्या इशी यांच्याकडून धनुष्य शिकले होते. हा क्लब खोल बर्फात किंवा पाण्यात अडकलेले, वाहनाने दमवलेले, पळून जाता येणार नाही अशा कुंपणात कोंडलेले किंवा रात्री प्रकाशझोतात आंधळे केलेले जनावर मारण्याला न्याय्य शिकार मानत नाही. जनावराला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. ते मला पटते, पण पुरेसे वाटत नाही. संधी निसटण्याची असावी, जखमी होऊन निसटण्याची नसावी. ७० मीटरवरून बाण सोडणारा 'मी जनावराला संधी दिली' असे म्हणतो, तेव्हा तो या दोन गोष्टींची गल्लत करतो.

या गल्लतीला कंपाउंड धनुष्याने हातभार लावला. हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. टोकांच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार कमी होतो. ओढायला ७० पौंडांचा जोर लागणारे धनुष्य ८० टक्के सूट देणारे असेल तर ताणून धरायला १४ पौंडच लागतात. हा मोठा गुण आहे. जनावर झाडाआड असताना धनुष्य ओढून, ते मोकळ्यावर येईपर्यंत न थरथरता थांबता येते. पण हाच गुण, सोबत नेमाच्या खुणा आणि अंतरमापक, शिकाऱ्याला लांबच्या लक्ष्याची चटक लावतात. मैदानात ६० मीटरवर कागदी लक्ष्यावर सगळे बाण मुठीत मावतील इतके जवळ लागतात, हे खरेच आहे. कागद आवाज ऐकत नाही. कंपाउंडचा फायदा २० मीटरवरची खात्री वाढवायला वापरावा, अंतर वाढवायला नाही.

स्वतःची मर्यादा ठरवण्याची रीत सोपी आहे आणि फार थोडे लोक ती पाळतात. सराव करून हात गरम झाल्यावरचे बाण मोजायचे नाहीत. दिवसाचा पहिला बाण मोजायचा, कारण रानात तोच एक मिळतो. तो शिकारीच्या कपड्यांत, बसून किंवा गुडघ्यावर, शिकारीचे पाते लावून सोडायचा. असा पहिला बाण ज्या अंतरावर दिवसामागून दिवस २० सेंटीमीटरच्या वर्तुळात पडतो, ते मैदानातले अंतर. रानात थंडी, उत्तेजना आणि अरुंद वाट धरून त्यातले किमान एक चतुर्थांश कमी करायचे.

शिकारीचे पाते लावून, हे मुद्दाम म्हटले. सरावाच्या गोल टोकाने सरळ जाणारा बाण धारदार पाते लावल्यावर भरकटतो, कारण पुढचे पाते हवेत पंखासारखे वागते आणि धनुष्याच्या जुळणीतला प्रत्येक दोष मोठा करून दाखवते. बाण आधी कागदातून सोडून पाहावा. एक गोल भोक आणि पिसांच्या तीन रेषा उमटल्या तर जुळणी ठीक, फाटका लांब ओरखडा आला तर खाचेची उंची किंवा दांड्याचा कडकपणा तपासायचा. कार्बनचा दांडा प्रत्येक सरावानंतर दोन्ही हातांनी हलका वाकवून कानाशी धरावा. चरचर ऐकू आली तर तो तिथेच मोडून टाकावा, कारण तडकलेला दांडा सोडताना फुटून हातात घुसतो. हलका बाण वेगाने जातो पण आत कमी शिरतो आणि धनुष्याचा आवाज वाढवतो. हरणासाठी ४५० ग्रेन, म्हणजे सुमारे २९ ग्रॅम, हे बहुतेक धनुष्यांना मानवणारे वजन आहे. खांद्यावर जाड कातडीची ढाल असलेल्या रानडुकरासारख्या जनावराला त्याहून जड बाण आणि न उघडणारे पक्के पातेच हवे. आदळल्यावर उघडणारी पाती रुंद कापतात, पण उघडण्यातच बाणाची बरीच ताकद खातात. हलक्या ओढीच्या धनुष्याला ती लावू नयेत.

आणि धार. हातावरचे केस साफ निघाले पाहिजेत. ताणलेल्या रबरबँडवर पाते अलगद टेकवावे, जोर न लावता तो तुटला नाही तर पाते शिकारीच्या लायकीचे नाही. कारण असे की बोथट पाते रक्तवाहिन्या बाजूला सारते किंवा चिरडते आणि चिरडलेल्या ऊतींत रक्त लवकर गोठते. स्वच्छ कापलेली वाहिनी वाहत राहते. नव्या पाकिटातली पाती धारदार असतीलच असे नाही. शिवाय भात्याच्या फोममध्ये रोज खुपसून काढलेल्या पात्याची धार हंगामाच्या मध्यावर गेलेली असते.

बाण सुटल्यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. बाण लागल्यावर जनावर उभेच राहिले तर ताबडतोब दुसरा बाण सोडावा, त्यात संकोच नको. ते पळाले तर जागचे हलू नये. बाण लागला तेव्हा ते कुठे उभे होते आणि शेवटचे कोणत्या झाडाशी दिसले, या दोन जागा मनात पक्क्या कराव्या. त्याचे वागणे बरेच सांगते. मागचे पाय झाडून, अंग खाली घालून सुसाट पळाले तर बाण बहुधा छातीत. पाठीला कुबड काढून, शेपूट दाबून, हळूहळू चालत गेले तर पोटात. मग चाहूल न देता बाण शोधायचा. त्यावर फेसाळ, गुलाबीसर लाल रक्त असेल तर फुप्फुस, गडद लाल असेल तर यकृत, हिरवट-तपकिरी ओल, गवताचे कण आणि उग्र वास असेल तर पोट किंवा आतडी.

आता थांबायचे. फुप्फुसाचा बाण असला तरी अर्धा तास. यकृताचा असेल तर चार ते सहा तास. पोटाचा असेल तर आठ ते बारा तास, बहुधा पूर्ण रात्र. हे ऐकायला निष्ठुर वाटते आणि नेमके इथेच दयेपोटी घोळ होतो. पाठलाग न झालेले जखमी जनावर शे-दोनशे मीटरवर जाऊन बसते आणि बहुधा तिथेच मरते. शिकारी मागे आला की ते उठते, भीतीच्या भरात कोसभर जाते. पोटाच्या जखमेतून रक्त जवळजवळ सांडतच नाही, म्हणून दुसऱ्यांदा उठलेल्या जनावराचा माग उरत नाही. त्याचे हाल थांबवण्यासाठी धावलेला शिकारी ते हाल दिवसभर लांबवतो. पाऊस येऊ लागला तर रक्त धुऊन जाईल ही भीती रास्त आहे. छातीचा बाण असेल तर लवकर निघावे. पोटाचा असेल तर पावसातही थांबावे, धुऊन जाण्यासारखे रक्त तिथे मुळात नसतेच.

माग काढताना मागावरून चालायचे नाही, त्याच्या कडेने चालायचे. प्रत्येक ठिपक्याशी टिश्यू कागदाचा तुकडा अडकवावा. दहा-बारा तुकडे झाले की मागे वळून पाहावे, रेषा दिसते आणि पुढची दिशा कळते. थेंबाची शेपटी जनावर गेले त्या बाजूला असते. जमिनीवर काही दिसेना तर गवताच्या पात्यांवर, झुडपांच्या आतल्या बाजूला, जनावराच्या छातीच्या उंचीवर पाहावे. पानावरचा लाल डाग रक्ताचा की नुसता पानाचा, अशी शंका आली तर हायड्रोजन पेरॉक्साइड फवारावे, रक्त फेसाळते. मचाणावरून मारलेल्या बाणाचे प्रवेशाचे भोक उंचावर असते आणि बाण आरपार गेला नसेल तर रक्त छातीतच साठते. पहिल्या तीस-चाळीस मीटरांत एकही थेंब नाही म्हणून 'चुकला' असे ठरवून परतणे हा अक्षम्य प्रकार आहे. माग तुटला तर शेवटच्या थेंबापासून पट्ट्या आखून रान विंचरावे, पाणवठे आधी पाहावे. माग काढणारा शिकवलेला कुत्रा जिथे कायद्याने चालतो तिथे तो लवकर बोलवावा. दहा माणसांनी तुडवलेल्या रानात कुत्र्याचेही नाक चालत नाही.

जनावर पडलेले दिसले तरी थेट जवळ जाऊ नये. दुरून छातीची हालचाल पाहावी, मग पाठीच्या बाजूने जाऊन लांब काठीने उघड्या डोळ्याला स्पर्श करावा. पापणी लवली तर ते जिवंत आहे. आतडी काढताना हात सांभाळावा, तुटलेले पाते आत कुठे अडकले आहे ते दिसत नाही.

आफ्रिकेतल्या अनेक शिकारक्षेत्रांत रक्त दिसले की शिकार झाली असे धरतात. जनावर सापडो न सापडो, पैसे भरावे लागतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी जनावर हाती लागले तरच परवाना वापरला गेला असे मानतात. मला पहिली पद्धत योग्य वाटते आणि ती सगळीकडे लागू व्हावी. न सापडलेल्या जखमी जनावरानंतर त्या हंगामापुरता भाता खाली ठेवणारे शिकारी आहेत, पण हे व्यक्तीच्या विवेकावर सोडण्याइतके किरकोळ नाही.

आपल्याकडे एवढीच विनंती. परदेशातल्या शिकारीची 'ऐंशी मीटरवरून अचूक वेध' अशी बातमी किंवा छायाचित्र छापायला येते, तेव्हा ते पाठवणाऱ्याला विचारावे की जनावर कोणत्या अंगाने उभे होते, बाण कुठे लागला, ते किती अंतर गेले आणि किती वेळाने सापडले. उत्तरे मिळाली तर तीही छापावी. मिळाली नाहीत तर ते छायाचित्र छापू नये. आणि वादात भाग घेणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वाचकांनी पुढची पत्रे लिहिताना अंतराचा आकडा जरूर घालावा.

आपला,
तिरंदाजीचा एक अभ्यासक वाचक